पोपची भेट आणि गॅलॅथिआची वाळू

ग्रेट निकोबारच्या बंदराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कासवांचं काय, जातील दुसऱ्या किनाऱ्यावर." हे कासव कोण, तेवढं तरी आधी माहीत करून घेऊ.

१७६० साली रोमजवळ ओस्तियाच्या समुद्रात एक अजस्र कासव सापडलं. पोप तेरावा क्लेमेंट पूर्वी पादुआचा बिशप होता. त्यानं ते पादुआ विद्यापीठाला भेट दिलं. दोमेनिको वान्देल्लीनं १७६१ मध्ये लिनिअसला उद्देशून लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं 'टेस्टुडो कोरिआसिआ', म्हणजे चामड्याचं कासव. लिनिअसनं १७६६ मध्ये ते नाव आपल्या ग्रंथात घेतलं आणि पुढं दोनशे वर्षं श्रेयही त्याच्याच खात्यावर राहिलं!

पण याला बसवायचं कुठं? इतर सागरी कासवांसारखे कडक खवले याच्या पाठीवर नाहीत. चामडीखाली हाडांच्या हजारो बारीक तुकड्यांची फरशी, वर लांबीत सात कंगोरे, बरगड्याही कवचाला जोडलेल्या नाहीत. १८१६ मध्ये ब्लाँव्हीलनं 'डर्मोकेलिस' ही वेगळी प्रजाती केली. १८७१ मध्ये अमेरिकेतल्या कोपनं तर जगातली बाकी सगळी कासवं एका बाजूला आणि हे एकटं दुसऱ्या बाजूला, अशी वाटणीच करून टाकली. पुढं ते सागरी कासवांच्याच भाऊबंदांतलं ठरलं. कुल मात्र वेगळंच राहिलं आणि त्या कुलात आज जिवंत जात ही एकच. आपल्या वेळासला येणारं ऑलिव्ह रिडले याचं लांबचं भावंड.

जेलीफिश निसटू नये म्हणून घशात मागं वळलेले काटे, थंडगार पाण्यातही ऊबदार राहणारं अंग, १२०० मीटरहून खोल बुडी. असा हा दर्यावर्दी प्राणी. पण अंडी घालायला मादीला वाळूवर यावंच लागतं.

भारतात ती वाळू अंदमान-निकोबारमध्ये आहे. गॅलॅथिआ उपसागर १९९७ मध्ये अभयारण्य झाला. २००४ च्या त्सुनामीनं किनारा गिळला. वाळू पुन्हा साचली, माद्या पुन्हा आल्या. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं बंदरासाठी अभयारण्याचा दर्जा काढायला मंजुरी दिली. गंमत बघा, पुढच्याच महिन्यात केंद्राच्या सागरी कासव कृती आराखड्यात हाच किनारा महत्त्वाचा म्हणून नोंदला गेला!

बदल्यात लिटिल निकोबारला लेदरबॅकसाठी अभयारण्य दिलंय, असं सांगतात. चांगलंच आहे. पण तिथं माद्या आधीपासूनच येतात. म्हणजे नवीन काही मिळालं नाही, असलेल्या दोनांतला एक किनारा गेला.

बंदर हवं की नको, यावर जरूर भांडू. पण "जातील दुसरीकडं" म्हणण्याआधी एवढं लक्षात असू द्या, की या कुलात मागं उरलेलं दुसरं कुणीही नाही.