भोरड्या : हुरड्याचं परदेशी गिऱ्हाईक

मागचा गलबला ऐकू येतोय ना? आजचा भाग थेट मंडईतून.

गेल्या थंडीत इथंच हुरडा घेताना मी भावावरून कुरकुरलो. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "निम्मी कणसं भोरड्यांनीच खाल्ली रे बाळा. उरलं ते आणलंय."

भोरडी म्हणजे गुलाबी मैना. डोकं, पंख काळे, बाकी अंग गुलाबी. पिल्लं वाढवते पूर्व युरोप आणि मध्य आशियातल्या गवताळ माळांवर. ऑगस्ट-सप्टेंबरात तिचे थवे आपल्याकडे उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतात. ज्वारी दाण्यावर आली की शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, ती हिच्यासाठीच.

आता जरा इतिहासात जाऊ. साल 1883. मुंबईत पक्षी-प्राण्यांच्या नोंदी ठेवायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं. पुढे सालिम अलींसारखे अभ्यासक सोसायटीतूनच घडले, 1959 पासून तिथं स्थलांतरी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची मोठी मोहीम चालली, आणि कोणता पक्षी कुठून येतो ते कळू लागलं. फुल्यांच्या पुस्तकातला प्रश्न वेगळा होता : राबणाऱ्याच्या हातात शेवटी उरतं काय?

भोरडीच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. कारण ती नुसती दाणे खात नाही, टोळ आणि नाकतोडेही फस्त करते. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आवरायला तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून दिली गेली! आपल्याकडे फाल्गुनात ती पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर मध प्यायला जाते आणि जाता जाता परागीभवन करते. म्हणजे फायदा सगळ्यांचा, पण दाणे जातात एकाच्याच शेतातले.

आपण मात्र संध्याकाळी तिचे थवे ढगासारखे वळताना पाहतो, मोबाईल काढतो, रील टाकतो.

या मंडईच्या खर्चाला फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. बांधून झाल्यावर तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं, रे मार्केट. आज तिथं फुल्यांचं नाव आहे. त्या नावाखाली उभं राहून मावशींशी घासाघीस करायला मला तरी लाज वाटली. सांगितला तो भाव दिला.

तुमच्या गावाकडे भोरड्यांना काय म्हणतात? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!