गाडी बदलण्याचा जाच: मराठवाड्याचे तीन रूळ

१/ मुंबईस निघालेल्या लातूरकराला कुर्डुवाडीस उतरावे लागे, नांदेडकराला मनमाडास. ट्रंक, वळकटी आणि पेंगुळलेली मुले सांभाळत दुसरी गाडी गाठायची. कारण एकच: रुळांची रुंदी.

२/ १९११ मध्ये लातूरला पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या दोन रुळांत अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. निजामाच्या राज्यातून नांदेडमार्गे मनमाडास येणारी लाइन मीटरगेज, म्हणजे १,००० मिलिमीटर. मुंबईची मुख्य लाइन १,६७६ मिलिमीटरची. एकीचा डबा दुसरीवर धावणे अशक्य.

३/ माणसे कुरकुरत का होईना, गाडी बदलत. मालाचे तसे नव्हते. पोती हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जात. प्रत्येक चढउतारीस वेळ आणि मजुरी लागे.

४/ त्यामुळे किरकोळ भासणारी ही गैरसोय प्रदेशाच्या मागासलेपणाचा प्रश्न ठरली. मराठवाड्याच्या विकासाच्या चळवळीत ब्रॉडगेजची मागणी अग्रभागी आली. गोविंदभाई श्रॉफ यांनी ती चिकाटीने लावून धरली.

५/ मनमाड–नांदेड मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला. लातूर–कुर्डुवाडीचे काम पूर्ण होण्यास २००८ उजाडले. आज लातूरचा प्रवासी कुर्डुवाडी झोपेतच ओलांडतो. ती झोप मिळण्यास जवळपास शंभर वर्षे लागली.