किल्ल्याखालचा सुरुंग आणि संगणकातली खंडणी

आपल्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. १५९५च्या डिसेंबरात शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणले. चांदबिबीला खबर लागली. तिच्या माणसांनी आतून खणून काही सुरुंग निकामी केले, पण एक उडालाच. तटाला पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पुढचे कोणी फारसे सांगत नाही. १५९६ साली वऱ्हाड देऊन तह झाला, मोगल परतले. आणि १६०० साली पुन्हा येऊन किल्ला घेऊन बसले.

रॅन्समवेअरविषयी बोलताना हा तह आठवतो. रॅन्सम म्हणजे खंडणी. हा प्रोग्रॅम संगणकात गुपचूप शिरतो, आपल्या फायलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. अलीकडे तर आधी माहितीची नक्कल पळवतात, म्हणजे धमकी दुहेरी.

याची पहिली गाजलेली घटना १९८९ची. जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एड्सची माहिती म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने धाडल्या. संगणक नव्वदेक वेळा सुरू झाला की फायलींची नावे बिघडत आणि पनामाच्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, असा मजकूर उमटे. ते कुलूप कच्चे होते, जाणकारांनी ते उघडले. आजची कुलपे पक्की असतात आणि बिटकॉइनमुळे टपालपेटीही लागत नाही.

महाराष्ट्राला मोठा फटका बसला तो २७ जून २०१७ रोजी. ‘नॉटपेट्या’ने मर्स्क कंपनीचे जाळे जगभर बंद पाडले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. हा शत्रू शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. गंमत अशी, की खंडणी भरूनही फायली सुटणार नव्हत्या. किल्ली मुळी ठेवलेलीच नव्हती. मर्स्कच्या जाळ्याच्या मुख्य यादीची एकच प्रत शाबूत सापडली, ती घानातल्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला शिव्या घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

मग २१ मार्च २०२१. या वेळी सापडले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, ज्याच्या वसाहती आपल्याकडे नागापूरला आणि सुप्याला आहेत. मुंबईच्या मुख्यालयासह राज्यभरातल्या कार्यालयांचे संगणक बंद पडले. ५०० कोटींच्या खंडणीच्या बातम्या छापून आल्या. महामंडळाने मात्र रकमेचा उल्लेख नसल्याचे सांगितले. तारले ते बॅकअपने. तो जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेला होता, म्हणून संसर्गातून वाचला.

हे आपल्या पतसंस्था, दूध संघ आणि सोसायट्यांनी नीट समजून घेण्याजोगे आहे. कित्येक ठिकाणी बॅकअप म्हणून घेतलेला पेनड्राइव्ह दिवसरात्र त्याच संगणकाला लटकलेला असतो. कुलूप पडते तेव्हा त्यालाही पडते. प्रत काढून घ्यावी, संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती उघडते का, तेही पाहावे. अपडेट टाळू नयेत: मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने हाहाकार माजवला, तेव्हा त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवला होता. अनोळखी ई-मेलची जोडफाईल उघडू नये. आणि आघात झालाच, तर आधी नेटची वायर काढावी आणि सायबर पोलिसांना गाठावे.

३१ जुलै २०२४ रोजी नेमके तेच मोठ्या प्रमाणावर करावे लागले. सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर हल्ला झाल्याचे कळताच राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून तोडले. देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. तपासणी करून दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पुन्हा सुरू केली गेली.