उएनोच्या मैदानातला कॅचर

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यामुळे बाशो, बुसोन, इस्सा ही नावे आपल्या वाचकाला परकी राहिलेली नाहीत. याच मालिकेतले चौथे नाव मासाओका शिकी यांचे. साखळीकाव्याच्या आरंभीच्या कडव्याला स्वतंत्र कवितेचा मान देऊन ‘हायकू’ हे नाव त्यांनी रूढ केले. जन्म १८६७, मृत्यू १९०२. आयुष्य अवघे चौतीस वर्षांचे, आणि त्यातली शेवटची वर्षे क्षयाने पोखरलेल्या पाठीमुळे अंथरुणात गेली.

त्यांच्याविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बेसबॉलला आज जपानी भाषेत ‘याक्यू’ म्हणतात, आणि हा शब्द म्हणे शिकींनी दिला. गोष्ट ऐकायला छान आहे, पण कागद तिला दुजोरा देत नाहीत. कागदांतून दिसते ते वेगळेच आहे. एक तरुण शाळा-कॉलेजात असताना मनसोक्त बेसबॉल खेळला, पुढे उभे राहणेही कठीण झाले तेव्हा त्याने तो खेळ शब्दांत उतरवला, आणि ज्यांनी खेळ कधी पाहिला नव्हता अशा वाचकांपुढे मांडला. मला हे त्या दंतकथेपेक्षा मोलाचे वाटते. म्हणून ते कागद नीट लावून पाहू.

इतिहासाचार्य राजवाड्यांपासून आपल्याकडे एक शिस्त आहे: आधी अस्सल समकालीन कागद, मग बखर. शिकींच्या बाबतीतही ती उपयोगी पडते. अस्सल म्हणावे असे चार पुरावे आहेत. पहिला, १८८४ ते १८९२ या काळात विद्यार्थी असताना लिहिलेल्या ‘फुदे माकासे’ या वह्या. दुसरा, १८९० मधला एक फोटो. तिसरा, ‘निप्पॉन’ या वृत्तपत्राचे जुलै १८९६ चे अंक. चौथा, १८९८ च्या नऊ कविता. शिष्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणी हा बखरीचा भाग झाला. त्या टाकाऊ नाहीत, पण त्यांचा आधार घेताना तारखांपुरते तरी जपावे लागते.

शिकी शिकोकू बेटावरच्या मात्सुयामाचे. घराणे खालच्या दर्जाच्या सामुराईंचे. वडील लहानपणीच वारले. १८८० मध्ये ते मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत दाखल झाले, १८८३ मध्ये ती सोडून टोकियोला आले, आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या शाळेत शिरले. हीच शाळा १८८६ मध्ये पहिली उच्च माध्यमिक शाळा झाली. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले नात्सुमे सोसेकी तिथलेच विद्यार्थी. शिकी १८८५ मध्ये परीक्षेत नापास झाले. त्यांना बेसबॉलचे वेड लागले ते याच शाळेच्या वर्षांत. खेळ जपानमध्ये येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने तो १८७२ च्या सुमारास टोकियोतल्या विद्यार्थ्यांना शिकवला होता. अमेरिकेत राहून आलेले रेल्वे अभियंता हिराओका हिरोशी यांनी १८७८ मध्ये शिम्बाशीला पहिला संघ काढला. शिकींच्या पिढीपर्यंत तो शाळा-कॉलेजांच्या आवारांतला खेळ झाला होता. सामान्य माणसाला मात्र त्याचे नावही ठाऊक नव्हते.

वह्यांतली १८८८ ची एक नोंद केवळ बेसबॉलवर आहे. तिचा सूर वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचा आहे, आणि म्हणूनच ती खरी वाटते. जपानी खेळांत व्यायाम घडेल असे फार थोडे, असे म्हणून तो पकडापकडी, लपाछपी, कुस्ती, तलवारबाजी अशी मोजदाद करतो. मग पाश्चात्त्य खेळांकडे वळतो, लॉन टेनिस बायकांना ठीक म्हणून बाजूला सारतो (हे मत त्या काळाचे आणि त्या वयाचे), आणि तरुण मुलाला खरा आनंद देणारा खेळ एकच, बेसबॉल, असा निकाल देतो. कारणही सांगतो. हा खेळ लढाईसारखा आहे. दोन सैन्ये, एकाचा हल्ला, दुसऱ्याचा बचाव. सामुराई घराण्यात जन्म झाला, पण सामुराई ही जातच सरकारी हुकमाने संपली, अशा पिढीतल्या मुलाने हे लिहिले आहे. लढाईचा आनंद त्याला हिरवळीवर सापडला, हे वाचताना ध्यानात घ्यावे.

तो कोणत्या जागी खेळायचा हेही वह्यांत आहे. एका सामन्याच्या नोंदीत तो पांढऱ्या बाजूचा कॅचर आहे आणि आपली बाजू जिंकल्याचा आनंद लपवत नाही. कॅचर म्हणजे चेंडू मारणाऱ्याच्या पाठीमागे बसून प्रत्येक चेंडू अडवणारा. क्रिकेटच्या विकेटकीपरशी त्याचे नाते आहे. मैदानातले बाकी सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे असतात आणि सारा खेळ त्याला समोरून दिसतो. शिकींच्या पुढच्या लिखाणात मैदानाचा जो नकाशा दिसतो तो या जागेवरून पाहिलेला आहे, असे मला वाटते.

आता १८८९ चा मे महिना. शिकींना रक्ताची उलटी झाली. रक्त ओकेपर्यंत गाणारा म्हणून जपानी कवितेत प्रसिद्ध असलेल्या कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याचे नाव त्यांनी तेव्हा धारण केले, तेच ‘शिकी’. आजारपण आले आणि खेळ सुटला, अशी समजूत यावरून सहज होते. पण अस्सल कागद ती खोडून काढतात. २१ मार्च १८९० रोजी दुपारी उएनो उद्यानात, संग्रहालयाशेजारच्या मोकळ्या जागेत, शिकी सामना खेळले. त्या महिन्यातलाच तो फोटो: अंगात खेळाचा पोशाख, हातात बॅट, वय बावीस. फोटोची प्रत त्यांनी ओतानी झेकू या मित्राला एका हायकूसह पाठवली. प्रेम म्हणजे काय ते अजून न कळलेल्या मांजरासारखा आपण चेंडूमागे धावतो, असा त्याचा आशय. रक्त पडल्यानंतर दहा महिन्यांनी हा मुलगा मैदानात होता, याबद्दल शंकेला जागा उरत नाही.

सुटीत गावी जाताना तो बॅट आणि चेंडू घेऊन जाई. कावाहिगाशी हेकिगोतो आणि ताकाहामा क्योशी हे त्यांचे दोन थोर शिष्य मात्सुयामाचेच. दोघांच्याही आठवणींत शिकी पहिल्यांदा येतात ते खेळाडू म्हणून. हेकिगोतोंना त्यांनी चेंडू झेलायला शिकवले. क्योशींची आठवण १९१५ मधली, म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेली. तरी ती वाचताना विश्वास बसतो, कारण तिच्यात बिनगरजेचा तपशील भरपूर आहे. किल्ल्याच्या उत्तरेचे कवायतीचे मैदान, उन्हाळ्यातली संध्याकाळ, शाळकरी मुले चेंडू मारत आहेत. टोकियोहून आलेले चार-पाच विद्यार्थी तिथे येतात. त्यांतला एक जण मुलांकडून बॅट-चेंडू मागून घेतो आणि तिसऱ्याच्याच हाती देतो. हा तिसरा दिसायला काही रुबाबदार नाही. एवढ्या उकाड्यात त्याने मनगटाशी बटणे लावलेला सदरा घातला आहे, आणि पायात पाटासारखी चपटी लाकडी पादत्राणे आहेत. तरी घोळक्याचा केंद्रबिंदू तोच. आधी तो हलकेच मारतो, मग वरचे वस्त्र उतरवून नुसत्या सदऱ्यावर येतो आणि चेंडू सणसणत जाऊ लागतात. एकदा चेंडू घरंगळत क्योशींच्या पायाशी येतो. ते तो परत फेकतात. तो माणूस एका शब्दात दिलगिरी व्यक्त करतो. त्या आवाजाची ओढ क्योशींना इतक्या वर्षांनीही आठवत होती. मंडळी हसत-खिदळत दोगोच्या गरम झऱ्यांकडे निघून गेली. तो माणूस कोण, हे त्यांना नंतर कळले. अशा आठवणीत वर्ष एखादे इकडेतिकडे होऊ शकते, पण मनगटाची बटणे कुणी रचून सांगत नाही.

१८९० मध्येच शिकी विद्यापीठात दाखल झाले. आधी तत्त्वज्ञान, मग जपानी साहित्य, आणि पदवी न घेताच बाहेर. १८९२ च्या अखेरीस ‘निप्पॉन’मध्ये नोकरी धरली. १८९५ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून चीनला गेले, परतताना जहाजावर पुन्हा रक्त पडले. मार्च १८९६ मध्ये निदान झाले: क्षय मणक्यात शिरला आहे.

त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या २३ तारखेला त्यांच्या जुन्या शाळेच्या संघाने योकोहामाच्या अमेरिकन संघाला २९ विरुद्ध ४ असे हरवले. देशभर बोलबाला झाला, पण खेळ काय आहे हे कुणाला माहीत? शिकी तेव्हा ‘निप्पॉन’मध्ये ‘शोरा ग्योकुएकी’ हे सदर लिहीत होते. त्यात १९, २३ आणि २७ जुलैला त्यांनी बेसबॉल समजावून सांगितला, आकृतीसकट. या तीन लेखांत काय नाही? हजार त्सुबोंची, म्हणजे सुमारे छत्तीस हजार चौरस फुटांची सपाट जागा, हिरवळ असल्यास उत्तम. आत रबर आणि दोरा, वरून चामडे, असा दोन-अडीच इंच व्यासाचा चेंडू. टोकाकडे जाड आणि मुठीशी बारीक असा चारेक फुटी दांडा. जाडेभरडे कापड शिवून केलेल्या, बसायच्या गादीसारख्या, फूटभर चौरस तीन बेस. कॅचरच्या मागे चेंडू अडवायला जाळे. अठरा खेळाडू, एक पंच, एक गुण मांडणारा. नियमांप्रमाणे बॅट बेचाळीस इंचांपेक्षा लांब चालत नाही. शिकींचा दांडा त्याहून अर्धा फूट लांब भरतो. माप पुस्तकात पाहून लिहिलेले नसून हाताला आठवले तसे उतरले असावे, असा माझा तर्क आहे.

सामग्रीची ही यादी संपल्यावर ते खेळाच्या गाभ्याला हात घालतात. मैदानात चेंडू एकच, आणि तो नेहमी बचाव करणाऱ्यांच्या हातात. चेंडू जिथे तिथे खेळाचे केंद्र, आणि चेंडू सतत फिरतो म्हणून केंद्रही सतत फिरते. पाहणाऱ्याने चेंडूवरची नजर काढू नये. बेसबॉलविषयी एवढे नेमके मी क्वचितच वाचले आहे. आणि हे लिहिणाऱ्याला स्वतः चालणे कठीण झाले होते.

या लेखांचा आणखी एक लाभ झाला. खेळ जपानमध्ये कसा आला हे सांगताना शिकींनी शिम्बाशीच्या रेल्वेवाल्यांना श्रेय दिले होते. २२ जुलैच्या अंकात ‘चेंडूप्रेमी’ अशा अर्थाच्या टोपणनावाने एका वाचकाचे पत्र छापून आले: त्याच्याही आधी विल्सन यांनी विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला होता. विल्सन यांच्या श्रेयाचा महत्त्वाचा आधार म्हणजे हे पत्र. शिकींच्या लेखातली उणीव तीन दिवसांत त्याच वृत्तपत्रात भरून निघाली आणि इतिहासाला एक साक्षीदार मिळाला.

आता ‘याक्यू’. वह्यांत आपल्या टोपणनावांची यादी करण्याची शिकींना हौस होती. ती पन्नासच्या वर आहेत. १८९० च्या सुमारास त्यांनी एक नाव ‘मैदान’ आणि ‘चेंडू’ या दोन चिनी अक्षरांनी लिहिले. घरचे लोक त्यांना नोबोरू म्हणत. या अक्षरांचा उच्चार त्यांनी ‘नो-बॉल’, म्हणजे जवळपास नोबोरू, असा योजला. ती एका माणसाची सही होती, खेळाचे नाव नव्हे. खेळासाठी तीच दोन अक्षरे, ‘याक्यू’ अशा उच्चाराने, १८९४ मध्ये चुमान कानाए यांनी वापरली. ते शिकींच्याच जुन्या शाळेच्या संघातले, त्यांच्या नंतरचे. निर्णायक पुरावा मात्र शिकींचाच आहे. १८९६ च्या लेखांत ते खेळाला सर्वत्र ‘बेसबॉल’ म्हणतात. वर स्पष्ट लिहितात की या खेळाच्या संज्ञांना अजून जपानी प्रतिशब्द नाहीत, इथे दिलेले आपण स्वतः घडवले आहेत, आणि जाणकारांनी ते सुधारावेत. सहा वर्षांपूर्वी नाव दिलेला माणूस असे लिहिणार नाही. श्रेय त्यांनी जेवढे घेतले तेवढे द्यावे, आणि तेही थोडे नाही: बॅटर, धावणारा, चार चेंडूंवर मिळणारा बेस, सरळ चेंडू, उंच उडालेला चेंडू, यांचे जपानी शब्द आज रोज वापरले जातात ते या लेखांतले. कॅचरसाठी त्यांनी केलेला शब्द मात्र टिकला नाही.

मे १८९८ मध्ये ‘निप्पॉन’मध्ये त्यांच्या बेसबॉलवरच्या, तान्का या प्रकारातल्या नऊ छोट्या कविता छापून आल्या. संघात खेळाडू नऊ, कविताही नऊ. तीन बेसवर तीन खेळाडू उभे आहेत आणि छाती धडधडते आहे, हा क्षण त्यांत आहे. खेळ सोडून तेव्हा आठेक वर्षे झाली होती.

जपानच्या बेसबॉल सन्मानदालनात चुमान यांचे नाव १९७० मध्ये लागले, शिकींचे त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, २००२ मध्ये, आणि विल्सन यांचे २००३ मध्ये. उएनो उद्यानातल्या मैदानाला २००६ पासून शिकींचे नाव आहे. टोकियोत मराठी माणसे आता पुष्कळ आहेत, आणि उएनोला बहुतेकांची फेरी होतेच. तिथे कुणी ‘याक्यू हा शब्द शिकींचा’ असे सांगू लागले, तर त्याला जुलै १८९६ चे ते तीन लेख वाचायला सांगावेत.