पैनगंगा गट (आदिलाबाद)
आदिलाबाद (तेलंगण) व लगतच्या यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातील प्रोटेरोझोइक काळाचे गाळाचे खडक. खालून वर प्राणहिता वाळूखडक, चंदा चुनखडक व सातनाला शेल असा क्रम. याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील पाखाल चुनखडकांत स्ट्रोमॅटोलाइट आढळतात. सायनोबॅक्टेरियांच्या चिकट थरांत गाळ अडकून ते पापुद्र्यापापुद्र्याने वाढले. चंदा चुनखडक मात्र बराचसा खोल, शांत पाण्यातला. उन्हावर जगणाऱ्या अशा वसाहती तिथे शोधणे व्यर्थच. त्यात चर्टसोबत मँगनीजचे थर आहेत. विरघळलेले मँगनीज ऑक्साइड होऊन तळाशी बसायला ऑक्सिजन लागतो आणि त्या काळी तो पुरवणारे प्रकाशसंश्लेषी सूक्ष्मजीवच होते. म्हणजे जीवसृष्टीचा हा पुरावा अप्रत्यक्ष, तरी वजनदार. चुनखडकाकडे लक्ष गेले ते मुख्यतः सिमेंटसाठी.