ड्रॅगनवेव्ह : एका ग्राहकाच्या आधाराने वाढलेला उद्योग

भ्रमणध्वनीच्या व्यवस्थेत हातातील यंत्रापासून मनोऱ्यापर्यंतचा टप्पा तेवढा सर्वत्र बिनतारी असतो. मनोऱ्यापासून मुख्य केंद्रापर्यंतचे वहन तांब्याची तार, काचतंतू किंवा सूक्ष्मतरंग यांपैकी कशाने तरी साधावे लागते. या वहनाला इंग्रजीत ‘बॅकहॉल’ म्हणतात. मालवाहतुकीच्या धंद्यात हाच शब्द परतीच्या खेपेला लावतात. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही. ‘पार्श्ववहन’ असा एखादा घडविला, तरी अभियंते तो उच्चारतील असे वाटत नाही.

या एकाच कामासाठी कॅनडातील ओटावा येथे २००० साली ड्रॅगनवेव्ह ही कंपनी स्थापन झाली. ते स्थळ आकस्मिक नव्हे. नॉर्टेल आणि न्यूब्रिज या कंपन्यांमुळे त्या परिसरात दूरसंचाराचे जाणकार अभियंते विपुल होते. त्यांपैकी न्यूब्रिज त्याच वर्षी फ्रान्सच्या अल्काटेलने विकत घेतली.

जुने सूक्ष्मतरंग संच दूरध्वनीच्या ठरीव वाहिन्यांच्या हिशोबाने बांधलेले असत. ड्रॅगनवेव्हने संगणकी माहितीचे ‘पॅकेट’ जसेच्या तसे वाहून नेणाऱ्या संचांवर भर दिला. परस्परांच्या दृष्टिपथात असलेल्या दोन तबकड्या बसविल्या की दुवा सिद्ध होतो. रस्ता खणावा लागत नाही. अडचण पावसाची. सुमारे १० गिगाहर्ट्‌झच्या वर पावसाचे थेंब तरंग शोषतात आणि विखुरतात. कोकणच्या पावसात अशा दुव्याचे अंतर का आखडते घ्यावे लागते, हे त्यावरून समजेल. यावरचा उपाय असा की, सरी वाढताच यंत्राने आपण होऊन वेग उतरवावा, परंतु संबंध तुटू देऊ नये.

या गुणांना मोठा गिऱ्हाईक अमेरिकेत मिळाला. क्लिअरवायर या कंपनीने २००८ च्या अखेरीस स्प्रिंटचा वायमॅक्स व्यवसाय आपल्यात सामावून घेऊन शहरोशहरी जाळे उभारण्यास आरंभ केला, आणि त्यातील पार्श्ववहन बव्हंशी सूक्ष्मतरंगांवर ठेवले. ड्रॅगनवेव्हचे उत्पन्न झपाट्याने वाढले, पण त्यातील फार मोठा वाटा या एका ग्राहकाचा होता. २०१० च्या अखेरीस क्लिअरवायरला पैशाची चणचण भासून तिचा विस्तार थंडावला. मागणी ओसरली ती यंत्रातील दोषामुळे नव्हे. ज्या वायमॅक्सवर ग्राहकाने पैज लावली होती, तेच एलटीईपुढे मागे पडले.

यानंतर ड्रॅगनवेव्हने २०१२ साली नोकिया सीमेन्सचा सूक्ष्मतरंग विभाग घेतला. हा व्यवहार धाडसाचा खरा, पण शहाणपणाचा म्हणता येणार नाही. मालाचा मोठा भाग आता नोकियाच्या हातून विकला जाऊ लागला. अवलंबून राहणे सुटले नाही, आश्रयदाता मात्र बदलला. तोटा साचत गेला. जुलै २०१७ मध्ये धनकोंच्या वतीने कंपनीवर न्यायालयामार्फत प्रापक नेमला गेला. तिची मालमत्ता ट्रान्सफॉर्म-एक्सने घेतली, आणि ‘ड्रॅगनवेव्ह-एक्स’ या नावाने चाललेला तो व्यवसाय २०१९ साली कॉमसॉव्हरिन या अमेरिकी कंपनीकडे गेला.