वाघांच्या तुपाची गोष्ट

पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातीं खेळलेलें एखादें पुस्तक पुढें कोणाला दुखावणारें ठरलें, तर तें कपाटांतून काढावें कीं राहूं द्यावें, हा वाद पाश्चात्त्य देशांत पुष्कळ वर्षें चालू आहे. त्या वादांत वारंवार नांव येणारें ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ हें चिमुकलें पुस्तक लंडनमध्यें १८९९ सालीं छापलें गेलें. पण त्याचा जन्म हिंदुस्थानांतला. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई मद्रासेस राहत असे. मुलींना थंड हवेसाठीं कोडाईकनालला ठेवून परततांना आगगाडीच्या प्रवासांत तिनें ही गोष्ट रचली, असें सांगतात. मुंबईलाहि हें कुटुंब परकें नव्हे. परळच्या ज्या प्लेग-प्रयोगशाळेला पुढें हाफकिन यांचें नांव मिळालें, तिचे प्रमुख या बाईंचे यजमान डॉ. बॅनरमन हे कांहीं वर्षें होते.

गोष्ट मोठी गमतीची. तांबडा कोट, निळी विजार, हिरवी छत्री आणि जांभळे जोडे अशा थाटांत एक मुलगा रानांत जातो. वाघामागून वाघ येतात, आणि प्रत्येकाला एकेक वस्तु देऊन तो जीव वांचवितो. मग सर्वांत ऐटदार कोण, यावरून वाघांतच जुंपते. एकमेकांचीं शेपटें धरून ते झाडाभोंवतीं इतके गरगर फिरतात कीं वितळून त्यांचें तूप होतें! बाप तें पितळेच्या भांड्यांत घरीं नेतो, आई त्यांत धिरडीं तळते, आणि मुलगा एका बैठकींत १६९ धिरडीं फस्त करतो.

मग दोष कोठें होता? नांवांत आणि चित्रांत. ‘सॅम्बो’ हें नांव इंग्लंड-अमेरिकेंत काळ्या माणसाला हिणविण्यासाठीं आधींपासूनच रूढ होतें. चित्रें बाईंनींच काढलीं. वाघ हिंदुस्थानचे, तूप हिंदुस्थानचें. चेहरे मात्र काजळ फांसून काळ्या माणसाचें सोंग आणणाऱ्या गोऱ्या नटांसारखे! त्यांतच पुस्तकाचा हक्क अवघ्या ५ पौंडांस विकला गेलेला. त्यामुळें अमेरिकेंत ज्यानें त्यानें हवीं तशीं चित्रें घातलीं, आणि तीं मूळ चित्रांहून ओंगळ निघालीं. १९३५ सालीं अब आयवर्क्स यानें याच गोष्टीवर व्यंगचित्रपटहि काढला.

गोऱ्या मुलाला यांत मौज वाटेल, पण अपमान सोसलेल्या मुलाला ही आणखी एक जखम आहे, अशा आशयाचा आक्षेप कवि लँग्स्टन ह्यूज यानें १९३२ सालींच घेतला होता. १९५६ सालीं टोरोंटोच्या शिक्षणमंडळानें पुस्तक शाळांतून काढलें. ‘आम्हीं तें लहानपणीं वाचलें, आमचें काय बिघडलें?’ असें त्यावर पुष्कळ जण म्हणत. हा प्रतिवाद खोटा नाहीं, अपुरा आहे. कारण गोष्ट संपल्यावर शाळेच्या अंगणांत ज्या मुलाला त्या नांवानें चिडविलें जाई, त्याची साक्ष त्यांत कोठेंच नाहीं.

उलट टोंक जपानांत गांठलें गेलें. तेथें तक्रार येतांच १९८८ सालीं प्रकाशकांनीं पुस्तक बाजारांतून एकदम उठविलें. ज्या वस्तूविषयीं वाद, तीच डोळ्यांआड झाल्यावर नव्या वाचकानें न्याय कसा करावा? २००५ सालीं तें तेथें पुन्हा छापावें लागलें. अमेरिकेंत १९६८ सालीं युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीनें वॉर्नरच्या ११ जुन्या व्यंगचित्रपटांचें दूरचित्रवाणीवरील प्रदर्शन बंद केलें. बालकांसमोर ते न दाखविणें योग्यच; अभ्यासकालाहि ते पाहावयास मिळूं नयेत, हें मात्र पटण्याजोगें नाहीं.

खरा उपाय १९९६ सालीं दोन चित्रकारांना सांपडला. जेरी पिंकनी याच्या चित्रांसह ज्यूलियस लेस्टर या काळ्या लेखकानें गोष्ट आपल्या लोकांच्या बोलींत नव्यानें सांगितली. फ्रेड मार्सेलिनो यानें मजकूर जवळजवळ जसाच्या तसा ठेवून चित्रें हिंदुस्थानी काढलीं आणि मुलाचें नांव ठेवलें ‘बाबाजी’. आईचें नांव ‘मामाजी’ हें ऐकून मराठी माणसाला हसूं येईल. पण त्या हसण्यानें कोणी दुखावत नाहीं. वाघ तेथेंहि पूर्वीसारखेच वितळतात, आणि धिरडीं १६९ च आहेत.